फिजिओथेरपी सहाय्यक : काम काय, शिक्षण किती आणि मर्यादा कुठे

परळच्या केईएम रुग्णालयाची ओपीडी असो, गिरगावातलं एखादं खासगी रुग्णालय असो की लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली असो, रुग्णाकडून व्यायाम करून घेणारे लोक एकाच प्रकारचे नसतात. त्यात पदवी घेतलेले फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांच्या देखरेखीखाली काम करणारे सहाय्यक असतात आणि ब्यूरोमार्फत आलेल्या आया व वॉर्डबॉयही असतात. घरच्यांसाठी मात्र सगळेच ‘फिजिओवाले’.

हा गोंधळ दोन ठिकाणी महागात पडतो. एक, घरात फालिजचा म्हणजे अर्धांगवायूचा रुग्ण असतो आणि त्याचा व्यायाम कोण ठरवतंय हेच कुणाला माहीत नसतं. दोन, दहावी-बारावी झालेली मुलं-मुली ‘फिजिओथेरपीचा कोर्स’ म्हणून कुठल्यातरी क्लासमध्ये पैसे भरतात आणि नंतर कळतं की त्या कागदावर फिजिओथेरपिस्ट होता येत नाही. म्हणून सहाय्यकाचं काम, त्याचं शिक्षण आणि त्याच्या मर्यादा याबद्दलची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

फिजिओथेरपिस्ट आणि सहाय्यक : फरक काय?

फिजिओथेरपिस्ट रुग्णाला तपासतो. कोणता सांधा किती वाकतो, कोणत्या स्नायूत किती ताकद उरली आहे, तोल कुठे जातो, दुखणं नेमकं कशामुळे आहे, हे पाहून उपचाराची आखणी करतो. कोणता व्यायाम, किती वेळा, कोणतं मशीन, किती मिनिटं हे तो ठरवतो आणि रुग्णाची प्रगती बघून त्यात बदल करतो.

सहाय्यक ही आखणी प्रत्यक्षात उतरवतो. रुग्णाला खाटेवरून खुर्चीत घेणं, समोर उभं राहून व्यायाम मोजून करून घेणं, चालताना धरणं आणि रुग्णात काही वेगळं दिसलं तर लगेच फिजिओथेरपिस्टला कळवणं ही त्याची कामं. थोडक्यात, ठरवणं फिजिओथेरपिस्टचं आणि करून घेणं सहाय्यकाचं.

जगभर हे दोन वेगळे व्यवसाय मानले जातात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसायांच्या यादीत फिजिओथेरपिस्टचा क्रमांक 2264 आहे, तर फिजिओथेरपी तंत्रज्ञ आणि सहाय्यक यांचा 3255. अमेरिकेत तिथल्या फिजिओथेरपी संघटनेने 1967 मध्ये सहाय्यक या पदाला मान्यता दिली आणि 1969 मध्ये सहाय्यकांची पहिली तुकडी शिकून बाहेर पडली. तिथे हा साधारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्यानंतर परीक्षा आणि परवाना. तरीही तिथला सहाय्यक रुग्णाची पहिली तपासणी करत नाही आणि उपचार स्वतः ठरवत नाही. ही मर्यादा रुग्णाच्या सुरक्षेसाठी आहे; त्यात सहाय्यकाचा कमीपणा नाही.

परळपासून सुरुवात

फिजिओथेरपीचं शिक्षण आपल्या देशात सुरू झालं ते परळमध्येच. 1926 साली सुरू झालेल्या केईएम रुग्णालयात 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. भारत सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ती काढली. कारण होतं पोलिओ. साथीत जीव वाचलेल्या मुलांचे पाय लुळे पडत होते. त्यांना औषध पुरत नव्हतं, महिनोन् महिने रोज व्यायाम लागत होता आणि तो शिकवणारी माणसं देशात मोजकीच होती.

त्याच केईएममध्ये 1950 साली कमलाबाई निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई लग्नानंतर इथल्याच झाल्या होत्या. फिजिओथेरपीत भर असतो शरीराची हालचाल आणि ताकद परत आणण्यावर. व्यवसायोपचारात भर असतो जेवणं, कपडे घालणं, लिहिणं अशी रोजची कामं पुन्हा जमण्यावर. सहाय्यकाला दोन्ही विभागांत काम पडू शकतं, म्हणून हा फरक लक्षात ठेवावा.

1955 मध्ये हाजी अलीजवळ ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची संस्था सुरू झाली. दर्ग्याकडे जाणाऱ्या किती लोकांनी ती इमारत बाहेरून पाहिली असेल! अपंग व्यक्तींसाठी कृत्रिम पाय, कॅलिपर आणि पुनर्वसनाचे उपचार हे या संस्थेचं काम.

पोलिओ आता देशातून गेला आहे. शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण फिजिओथेरपीची गरज कमी झाली नाही. आज ओपीडीत फालिजचे रुग्ण, गुडघे बदललेले ज्येष्ठ, अपघातात हाड मोडलेली तरुण मुलं, सेरेब्रल पाल्सीची लहान मुलं आणि आयसीयूतून बाहेर आलेली माणसं दिसतात. प्रत्येकाला रोज तोच व्यायाम पुन्हा पुन्हा करून घेणारं कुणीतरी लागतं. सहाय्यकाची गरज इथे आहे.

सहाय्यकाचा दिवस कसा जातो

सकाळी विभाग उघडला की गाद्या, पट्टे, वजनं आणि मशीन तपासून ठेवायची. शेकण्याच्या पिशव्या गरम झाल्यात का, मेणाच्या शेकाचं तापमान बरोबर आहे का, वायर कुठे तुटली आहे का, हे पाहायचं. रुग्ण आला की केसपेपर काढायचा, नाव विचारून खात्री करायची आणि फिजिओथेरपिस्टने लिहिलेली आजची सूचना वाचायची.

त्यानंतरचं काम अंगमेहनतीचं आणि लक्ष देण्याचं असतं :

• रुग्णाला योग्य स्थितीत झोपवणं, कुशीवर वळवणं, बसवणं, उभं करणं.
• सांगितलेला व्यायाम सांगितलेल्या संख्येनेच करून घेणं. दहा सांगितले असतील तर ‘चला, अजून पाच’ असं परस्पर म्हणायचं नाही.
• वॉकर आणि काठीची उंची जुळवणं. काठी साधारणपणे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. अनेक घरांत नेमकी उलटी धरलेली दिसते.
• जिना शिकवणं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. रुग्ण चढत असो की उतरत असो, सहाय्यक त्याच्या खालच्या पायरीच्या बाजूला उभा राहतो. लिफ्ट नसलेल्या चाळींच्या भागात ही गोष्ट रोज उपयोगी पडते.
• श्वास, नाडी, चेहऱ्याचा रंग, घाम आणि वेदना यांकडे लक्ष ठेवणं.
• काय केलं, किती केलं, रुग्णाला काय त्रास झाला हे लिहून ठेवणं.
• गाद्या पुसणं, हात धुणं, एका रुग्णाचं इन्फेक्शन दुसऱ्याला जाणार नाही याची काळजी घेणं.

यात शारीरिक ताकदीपेक्षा पद्धत मोठी. रुग्णाला उचलताना कंबरेतून वाकलं तर सहाय्यकाचीच पाठ कायमची जाते. पाय फाकवून, गुडघ्यात वाकून, रुग्णाला अंगाजवळ घेऊन उठवायचं असतं. चांगल्या प्रशिक्षणात हे सुरुवातीलाच शिकवतात.

जिथे चूक झाली तर इजा होते

सहाय्यकाने कुठे थांबायचं हे माहीत असणं हा त्याच्या शिक्षणाचा अर्धा भाग आहे. काही गोष्टी घरच्यांनीही पाठ कराव्यात :

फालिजच्या रुग्णाचा लुळा हात ओढून त्याला कधीही उठवू नये. त्या खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात, सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन् महिने खांदा दुखत राहतो. रुग्णाच्या कमजोर बाजूला उभं राहून कंबरेच्या पट्ट्याला धरून आधार द्यावा.

डायबिटीसच्या रुग्णाचे पाय अनेकदा बधिर असतात. गरम पिशवी भाजते आहे हे त्याला कळतच नाही. शेक देण्याआधी त्वचेला गरम-थंड समजतं का, हे तपासलंच पाहिजे.

पेसमेकर बसवलेल्या रुग्णाला शॉर्टवेव्ह डायथर्मीचं मशीन लावायचं नसतं. अंगात धातूची प्लेट किंवा सळई असेल, किंवा बाई गरोदर असेल, तरीही हेच लागू. म्हणून मशीन लावण्याआधी विचारणं सक्तीचं आहे.

ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस झोपून राहिल्यावर एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली तर तिला मालिश अजिबात करू नये. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. तिथेच थांबून डॉक्टरांना कळवावं.

छातीत दुखणं, अचानक धाप लागणं, बोलणं अडखळणं, जखमेतून पाणी किंवा पू येणं, रुग्ण पडणं, यातलं काहीही झालं की व्यायाम बंद. ‘थोडं करून बघू’ म्हणणारा सहाय्यक कितीही प्रेमळ असला तरी तो शिकलेला नाही.

घरी रुग्ण असेल तर

घरी येणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी नम्रपणे विचारा : तुम्ही फिजिओथेरपिस्ट की सहाय्यक? सहाय्यक असाल तर तुम्हाला व्यायाम कोणी लिहून दिला? ते रुग्णाला पुन्हा कधी तपासणार? यात कुणाचा अपमान नाही. नीट शिकलेला माणूस याची उत्तरं आनंदाने देतो. व्यायाम लिहून देणारा फिजिओथेरपिस्टच नसेल आणि माणूस मनानेच हातपाय हलवत असेल, तर तो मालिशवाला समजावा आणि पुढे काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

आपल्या घरांत आणखी काही प्रश्न हमखास येतात. गुडघा बदललेली दादी पहिल्या आठवड्यातच विचारते, सजदा कधी करता येईल? गुडघा किती वाकवायचा आणि त्यावर भार कधी द्यायचा हे सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट सांगतील. सहाय्यकाने ‘करा, काही होत नाही’ असं म्हणायचं नाही. तोपर्यंत खुर्चीवर नमाज आहेच. आजारी माणसाला बसून आणि तेही जमत नसेल तर पडून नमाज पढण्याची सवलत दीनने दिली आहे. ती मनात अपराधी भावना न ठेवता घ्यावी. उलट, खुर्चीवर बसणं-उठणं दिवसातून पाच वेळा नीट केलं तर तोही थोडा सराव होतो. पण खुर्ची घट्ट, हात असलेली आणि न सरकणारी हवी. प्लास्टिकची हलकी खुर्ची घसरते.

वुजू करताना ओल्या मोरीत किंवा नळाजवळ घसरून पडणं हे दुसरं मोठं कारण. रुग्णासाठी तांब्या-बादली खुर्चीजवळ आणावी, पायाखाली न सरकणारं पायपुसणं ठेवावं. चाळीत संडास बाहेर आणि भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची घ्यावी लागते. सहाय्यकाला ही घराची अडचण सांगा. दवाखान्यातल्या सपाट फरशीवर शिकवलेलं चालणं घराच्या उंबऱ्यावर वेगळं होतं आणि तो सराव घरीच करून घ्यावा लागतो.

रमजानमध्ये रोजा ठेवायचा की नाही, हे रुग्णाने डॉक्टरांना आणि जाणकार आलिमांना विचारून ठरवावं. ठेवलाच तर ताकदीचे व्यायाम दुपारी उन्हात न करता इफ्तारनंतर थोड्या वेळाने करता येतील का, हे फिजिओथेरपिस्टला विचारावं. वेळ बदलता येते; महिनाभर व्यायाम बंद ठेवला तर मात्र मिळवलेलं हातचं जातं.

शिक्षण : कोणता रस्ता कुठे जातो

आता मुलांसाठी. इथे तीन वेगळे रस्ते आहेत आणि ते एकमेकांना आपोआप मिळत नाहीत.

पहिला, पदवीचा. फिजिओथेरपिस्ट व्हायचं असेल तर बारावी विज्ञान, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, आणि मग नीट. महाराष्ट्रात या पदवीचे प्रवेश राज्याचा सीईटी सेल करतो आणि महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली असतात. हा अभ्यासक्रम आतापर्यंत इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा होता. राष्ट्रीय आयोगाने 2025 मध्ये जाहीर केलेल्या नव्या अभ्यासक्रमात तो पाच वर्षांचा केला आहे. पदवीनंतर परिषदेकडे नोंदणी करावी लागते.

दुसरा, तंत्रज्ञ-सहाय्यकाचा. आयटीआयच्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेत ‘फिजिओथेरपी टेक्निशियन’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तो प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी यादीत पाहावा. याशिवाय महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाची मान्यता असलेले आरोग्य क्षेत्रातले छोटे अभ्यासक्रम असतात.

तिसरा, रुग्णसेवेचा. ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ आणि ‘होम हेल्थ एड’ हे कौशल्य विकासाखालचे अभ्यासक्रम. यात रुग्णाला उचलणं, स्वच्छता, नाडी-रक्तदाब पाहणं शिकवतात. रुग्णालयात आणि घरी काम मिळण्यासाठी ते उपयोगी आहेत, पण ते फिजिओथेरपीचं शिक्षण नव्हे.

2021 च्या संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने तासांची मोजपट्टी घालून दिली आहे. संबद्ध आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान 2000 तासांचं शिक्षण, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान 3600 तासांचं. फिजिओथेरपिस्ट या दुसऱ्या गटात येतो. त्यामुळे ‘सहा महिन्यांत फिजिओथेरपिस्ट’ अशी पाटी दिसली तर ती वाचून सरळ पुढे चालावं.

फी भरण्याआधी सात प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे पालक वेगवेगळ्या संस्थांची रंगीत पत्रकं घेऊन येतात. आम्ही त्यांना हे सात प्रश्न विचारायला सांगतो :

1. प्रमाणपत्र कोण देणार? विद्यापीठ, सरकारी मंडळ, की क्लास स्वतःच?
2. ती मान्यता त्या मंडळाच्या अधिकृत यादीत दिसते का? पत्रकावर छापलेलं बोधचिन्ह पुरावा नाही.
3. रुग्णालयात प्रत्यक्ष काम किती तास? कोणत्या रुग्णालयात?
4. शिकवणारे नोंदणी झालेले फिजिओथेरपिस्ट आहेत का?
5. कोर्सनंतर पदाचं नाव काय असेल? ‘डॉक्टर’ किंवा ‘फिजिओथेरपिस्ट’ असं सांगत असतील तर तिथेच थांबा.
6. या कोर्सवरून पुढे पदवीला थेट प्रवेश मिळतो असं म्हणत असतील तर ते लेखी द्या म्हणावं.
7. पूर्ण फीची पावती मिळते का? मूळ मार्कशीट ठेवून घेतात का?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली नाहीत तर पैसे हातातच ठेवा. अनेक घरांत ही फी अम्मीच्या बांगड्या गहाण ठेवून किंवा उसनवारीवर भरली जाते. पैशांची अडचण असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे. अटी महामंडळाच्या कार्यालयातच विचाराव्यात, दलालाला नाही.

आखातात जायचं असेल तर

कोकणातली आणि मुंबईतली आपली कितीतरी घरं आखातातल्या कमाईवर उभी आहेत, त्यामुळे हा प्रश्न येतोच. तिथे आरोग्य क्षेत्रात काम करायला परवाना लागतो. दुबईत तो दुबई हेल्थ अथॉरिटी देते, सौदी अरेबियात सौदी कमिशन फॉर हेल्थ स्पेशालिटीजकडे नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्राची पडताळणी थेट ते देणाऱ्या संस्थेकडून केली जाते. मान्यता नसलेल्या क्लासचा कागद इथे कुणी पाहिला नाही तरी तिथे अडतोच, तोही एजंटचे पैसे गेल्यावर.

मुलींनी या कामाकडे का पाहावं

आपल्या वस्त्यांमध्ये अनेक बायका फिजिओथेरपी अर्धवट सोडतात, कारण व्यायाम करून घ्यायला पुरुष येतो. कंबर, मांडी, खांदा यांचा उपचार असतो आणि संकोच वाटतो. महिला सहाय्यक मिळाली तर तीच खाला उपचार पूर्ण करते. रुग्णालयातही महिला रुग्णाने महिला सहाय्यक मागण्यात काही गैर नाही. उपलब्ध असेल तर देतात. आणि नसेल तेव्हा उपचार थांबवू नये, घरातल्या बाईने शेजारी उभं राहावं.

या कामात शिकलेल्या मुलींची गरज खरी आहे. पण जिला गुण आहेत, नीट देण्याची तयारी आहे, तिला ‘लवकर कमावशील’ म्हणून सहाय्यकाच्या कोर्सला ढकलू नका. तिला पदवीचा प्रयत्न करू द्या. आणि जिला पदवी शक्य नाही, तिने मान्यता असलेला सहाय्यकाचा कोर्स केला तर त्यात कमीपणा मानू नका. पडून असलेल्या माणसाला पुन्हा पायावर उभं करण्याच्या कामात तिचाही हात असतो आणि ही मोठी खिदमत आहे.

घरात रुग्ण असेल तर आजच केसपेपर काढून पाहा : व्यायाम कोणी लिहिला आहे आणि पुढची तपासणी कधी आहे. घरात बारावीचा विद्यार्थी असेल तर वरचे सात प्रश्न कागदावर उतरवून त्याच्या हातात द्या.